दुधावरची साय आणि कोर्टाची पायरी

आपल्याकडे २००७ साली झालेला एक कायदा आहे, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ आणि कल्याण अधिनियम. म्हातारपणी मुलं बघत नसतील तर त्यांच्याकडून चरितार्थाचा खर्च मागता येतो, तो हाच. त्यात 'मुले' या शब्दाची व्याख्या दिली आहे: मुलगा, मुलगी, नातू आणि नात. पण अज्ञान असतील तर नाही. अज्ञान म्हणजे अठराच्या आतली. कायद्याच्या मराठीला कोण समजावणार!

आता गंमत बघा. नातू पंचवीस वर्षांचा झाला, नोकरीला लागला, की आजी-आजोबांना त्याच्याकडे पैसे मागायची सोय कायद्याने करून ठेवली आहे. तोच नातू सहा वर्षांचा असताना, त्याचे आईबाप वेगळे झालेले असताना, त्याला महिन्यातून एकदा डोळे भरून बघायचं असेल तर? त्यासाठी आजी-आजोबांच्या नावाचं एकही कलम नाही. ना १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात, ना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, ना १९५६ च्या अज्ञानत्व आणि पालकत्वाच्या कायद्यात.

नातवंडं म्हणजे दुधावरची साय, हे आपल्याकडे प्रत्येक बारशात कोणी ना कोणी म्हणतंच. आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हेही आपलंच. आईबाप विभक्त झाले की ही दोन वाक्यं एकमेकांसमोर उभी राहतात. गेले काही महिने मी या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बसून बरंच वाचते आहे. का, ते पुढे सांगते (घरच्यांना माहीतच आहे). आधी इतिहास, कारण तो भलताच रंजक आहे, आणि थोडा बोचराही.

सुरुवात आपल्यापासूनच करू. १८५६ चा हिंदू विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण शाळेत एका ओळीत शिकलो. ईश्वरचंद्र विद्यासागर, कायदा, पूर्णविराम. परीक्षेत दोन मार्क. पण तो कायदा जेमतेम सात कलमांचा आहे, आणि त्यातली दुसरी-तिसरी कलमं कधी कोणी वाचून दाखवली नाहीत. पहिल्या कलमात विधवेला लग्नाची मोकळीक. दुसऱ्यात, लग्न केलंस तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला. आणि तिसऱ्यात मुलांचं काय ते. नवऱ्याने मृत्युपत्रात मुलांचा पालक नेमलेला नसेल, तर बाईने दुसरं लग्न केल्यावर तिच्या मेलेल्या नवऱ्याचे आई, वडील, आजोबा, आजी किंवा कुठलाही पुरुष नातेवाईक कोर्टात अर्ज करू शकतो, की या मुलांना पालक नेमा. कोर्टाला योग्य वाटलं तर तो पालक नेमला जाईल आणि आईच्या जागी मुलांचा ताबा त्याच्याकडे जाईल.

आईच्या आई-वडिलांचं नाव त्या यादीत नाही. मामाचं नाही, मावशीचं तर नाहीच.

एक अट मात्र आहे आणि ती फार बोलकी आहे. मुलांच्या नावावर त्यांच्या पोटापाण्याला आणि शिक्षणाला पुरेल एवढी मालमत्ता नसेल, तर आईच्या संमतीशिवाय असा पालक नेमायचा नाही, नाहीतर त्या पालकाने खर्चाचा जामीन द्यायचा. म्हणजे गरिबाच्या पोराला पळवायची फारशी कोणाला घाई नसणार, हे कायदा करणाऱ्यांनीही ओळखलेलं होतं. लेकरापेक्षा लेकराच्या नावावरच्या जमिनीकडे जास्त लक्ष होतं, असं मला तरी हे कलम वाचून वाटतं.

बावीस वर्षांची, पदरात दोन पोरं असलेली एखादी विधवा डोळ्यासमोर आणा. लग्न करायला कायद्याने दार उघडलं, पण उंबऱ्यावर पोरं ठेवून जावं लागेल अशी भीती घातली. हा कायदा पुस्तकातून निघाला तो थेट १९८३ साली.

तर आपल्याकडच्या कायद्याला आजी-आजोबा ठाऊक नव्हते असं नाही. चांगले ठाऊक होते. पण बापाकडचे, आणि ताब्याचे दावेदार म्हणून. 'भेट' हा शब्दच तिथे नव्हता. मूल एक तर इकडे, नाहीतर तिकडे.

योगायोग असा की भेटीचा शब्द बरोबर पुढच्याच वर्षी जन्माला आला, पण पॅरिसमध्ये.

तिथे नेपोलियनची १८०४ ची दिवाणी संहिता चालू होती आणि तिच्यात बापाची सत्ता म्हणजे सत्ताच होती. नाठाळ मुलगा सोळा वर्षांखालचा असेल तर बापाच्या शब्दावर त्याला महिनाभर कोंडून ठेवता येत असे, मोठा असेल तर सहा महिन्यांपर्यंत. अशा देशात एखाद्या बापाने किंवा आईने सांगितलं की माझ्या मुलाने आजी-आजोबांचं तोंड बघायचं नाही, तर बोलणार कोण? ८ जुलै १८५७ ला फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, कूर द कासासियाँने, निकाल दिला की बापाची सत्ता मोठी खरी, पण तसंच गंभीर कारण असल्याशिवाय मुलाचा आजी-आजोबांशी संबंध तोडता येणार नाही. मुलाला घेऊन जायचा हक्क नाही, वाढवायचा नाही, फक्त भेटायचा. आज घटस्फोटाच्या कागदांत बापाला किंवा आईला जो भेटीचा हक्क लिहून मिळतो, त्या कल्पनेचं एक मूळ या आजी-आजोबांच्या खटल्यात आहे, हे मला कमालीचं वाटलं.

पुढे ४ जून १९७० च्या कायद्याने फ्रान्सने 'बापाची सत्ता' हा शब्दच काढून टाकला आणि आई-बाप दोघांचा मिळून अधिकार आणला. त्याच कायद्यात भेटीचा नियम कलम म्हणून आला: गंभीर कारण नसेल तर आईबापांनी मुलाच्या आणि आजी-आजोबांच्या संबंधात आडवं येऊ नये. मग २००२ साली हे वाक्य बदललं. मुलाला आपल्या आजी-आजोबांशी, पणजी-पणजोबांशी वैयक्तिक संबंध ठेवायचा हक्क आहे, असं झालं. २००७ साली आणखी एक दुरुस्ती, की हा हक्क अडवायचा तर फक्त मुलाच्या हिताच्या कारणाने.

शाळेत आपल्याला वाक्याचा कर्ता ओळखा म्हणून छळायचे ना? तेच करून बघा. १९७० च्या वाक्यात कर्ते आईबाप आहेत आणि त्यांना मनाई आहे. २००२ च्या वाक्यात कर्ता मूल आहे. आजी-आजोबा दोन्हीकडे कर्मातच! दीडशे वर्षं कोर्टात जाऊन भांडले ते, आणि शेवटी हक्क लिहिला गेला तो नातवाच्या नावावर. मला हे बरोबर वाटतं. का, ते अमेरिकेची गोष्ट ऐकल्यावर कळेल.

अमेरिकेत सुरुवात उलटी झाली. लुइझियाना हे तिथलं राज्य मूळचं फ्रेंच वळणाचं, कायदाही तसाच. पण १८९४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर असाच वाद आला तेव्हा त्यांनी फ्रान्सच्या बरोबर उलट सांगितलं. नातवंडांना आजी-आजोबांकडे पाठवावं हे कर्तव्य खरं, पण ते नैतिक आहे, कायद्याचं नाही. पुढची सत्तर वर्षं तिथली न्यायालयं हेच म्हणत राहिली. कारणंही दिली: घरात दोन सत्ता नकोत, मूल त्यात भरडलं जातं, आणि तुटलेली नाती कोर्टाच्या हुकमाने जुळत नाहीत, ती आपसुकच जुळायला हवीत. १९४७ सालचा कॅलिफोर्नियाचा एक निकाल आहे, त्यात ही सगळी कारणं ओळीने आहेत. वाचताना वाटतं, हे तर आपल्या एखाद्या शहाण्या काकांनीही सांगितलं असतं.

मग बदल कशाने झाला? माणसं जास्त जगायला लागली आणि लग्नं कमी टिकायला लागली, थोडक्यात हेच. १९६६ साली न्यूयॉर्कने पहिला कायदा केला, तोही फक्त नातवाचे आई किंवा बाप वारले असतील तर. १९७५ मध्ये तो सैल केला, न्यायबुद्धीला पटेल अशी परिस्थिती असेल तरी चालेल असा. कॅलिफोर्नियाचा 'कोणाची चूक न दाखवता घटस्फोट' हा कायदा १९७० पासून सुरू झाला, मागोमाग बाकीची राज्यं. घटस्फोट वाढले आणि प्रत्येक घटस्फोटामागे चार म्हातारी माणसं बाहेरच्या खोलीत उभी राहिली. या म्हाताऱ्यांकडे एक गोष्ट होती जी लहान मुलांकडे नसते: मत. निवृत्तांच्या संघटना तिथे भक्कम. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आजी-आजोबा दिनाची घोषणा केली (सप्टेंबरातला एक रविवार, अजून पाळतात), आणि १९८२ च्या डिसेंबरात संसदेच्या एका उपसमितीने सुनावणीच घेतली. तिचं नावच होतं, 'आजी-आजोबा: घटस्फोटाचे आणि ताब्याच्या भांडणांचे दुसरे बळी'. विसावं शतक संपेपर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत या ना त्या स्वरूपाचा कायदा झालेला होता. आजी-आजोबांच्या विरुद्ध मत देणार कोण?

आणि मग ट्रॉक्सेल विरुद्ध ग्रॅनव्हिल.

हा खटला मी मूळ निकालातून वाचला. घटनेच्या प्रश्नासाठी वकील मंडळी तो अभ्यासतात. मला त्यातलं घर दिसत राहिलं. वायव्येच्या कोपऱ्यातलं वॉशिंग्टन राज्य, तिथली स्कॅजिट काउंटी. एक जोडपं, लग्न झालेलं नाही, दोन मुली. १९९१ च्या जूनमध्ये दोघं वेगळे होतात. बाप आपल्या आई-वडिलांकडे राहायला जातो आणि शनिवार-रविवारी मुलींना तिथे घेऊन येतो. म्हणजे आजी-आजोबांना नाती मिळत होत्या त्या मुलाच्या मार्फत. १९९३ च्या मे महिन्यात त्या मुलाने आयुष्य संपवलं.

सुरुवातीला नातींचं जाणं-येणं चालू राहिलं. ऑक्टोबरात आईने कळवलं, यापुढे महिन्यातून एक छोटी भेट. डिसेंबरात आजी-आजोबांनी कोर्टात अर्ज केला. मुलगा जाऊन अजून वर्षही झालेलं नव्हतं.

आता मागण्या बघा. आजी-आजोबा म्हणाले, महिन्यातून दोन शनिवार-रविवार मुक्कामी आणि उन्हाळ्यात दोन आठवडे. आई म्हणाली, महिन्यातून एक दिवस, मुक्काम नाही, शिवाय सणावाराला या. तिने दार बंद केलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. १९९५ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, आपल्याकडच्या पंचांनी दिला असता तसा, मधला: महिन्यातून एक शनिवार-रविवार, उन्हाळ्यात एक आठवडा, आणि आजी-आजोबा दोघांच्या वाढदिवसाला चार-चार तास.

ते वाढदिवसाचे चार तास वाचून मी जरा थांबले. कोणी मागितले असतील? आजीने?

न्यायाधीशांनी कारण काय दिलं ते तर आणखी सुंदर आहे. ते म्हणाले, आजोबांकडचं घर मोठं, प्रेमळ, जवळच राहणारं. मुलींना चुलत-आते भावंडं मिळतील, संगीत मिळेल. आणि मग स्वतःचं लहानपण सांगितलं, की आम्हीही एक आठवडा या आजी-आजोबांकडे आणि एक त्या आजी-आजोबांकडे जायचो आणि आम्हाला मजा यायची. आपल्यापैकी कोणीही त्या खुर्चीत असतं तर मे महिन्याची सुट्टी आठवून हेच म्हटलं असतं. पण याच वाक्यावर पुढे बोट ठेवलं गेलं. न्यायाधीशाचं बालपण चांगलं गेलं हा आईविरुद्धचा पुरावा कसा?

आई अपिलात गेली. दरम्यान तिचं लग्न झालं, नव्या नवऱ्याने मुलींना दत्तक घेतलं. १९९७ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही. मग आजी-आजोबा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात. ५ जून २००० ला निकाल लागला, सहा विरुद्ध तीन, आईच्या बाजूने.

मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती सॅन्ड्रा डे ओकॉनर यांचं. वॉशिंग्टनचा कायदा असा होता की 'कोणीही', 'केव्हाही' मुलाच्या भेटीसाठी अर्ज करू शकेल, आणि मुलाच्या हिताचं वाटलं तर न्यायाधीश देईल. ओकॉनर बाईंचं म्हणणं, इतका मोकळा दरवाजा ठेवला की न्यायाधीशाचं मत ते खरं आणि आईचं मत कवडीमोल, असं होतं. आई चांगली असेल, मुलांना नीट सांभाळत असेल, तर ती त्यांच्या भल्याचंच बघते असं गृहीत धरलं पाहिजे आणि तिच्या निर्णयाला खास वजन दिलं पाहिजे. किती वजन, ते त्यांनी सांगितलं नाही. नऊ न्यायमूर्तींनी मिळून सहा वेगवेगळी मतं लिहिली, यावरून काय ते समजा.

विरोधातल्या तिघांत न्यायमूर्ती स्टीव्हन्स होते. त्यांनी विचारलेला प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तुम्ही आईचा हक्क बघताय, आजीचा बघताय. मूल ही काय दोघींत वाटायची वस्तू आहे? त्याला स्वतःला कोण हवं आहे, याचा हिशोब कुठे? म्हणजे फ्रान्सने दोन वर्षांनी जे कायद्यात लिहिलं, त्याच्याच दिशेने हा माणूस अल्पमतात बोट दाखवत होता. आणि न्यायमूर्ती केनेडी यांनी एक गोष्ट लिहिली जी ओकॉनर यांनीही उचलून धरली: असा खटला लढावा लागणं हीच एका घरासाठी केवढी तरी शिक्षा आहे, निकाल काहीही लागो.

सात वर्षं. महिन्यातून एक दिवस की दोन, या फरकासाठी सात वर्षं आणि चार न्यायालयं.

याच न्यायालयाने १९७७ मध्ये एका आजीची बाजू घेतली होती, हे सांगायलाच हवं. ओहायोतल्या ईस्ट क्लीव्हलंड गावात नियम होता की एका घरात ठरावीक नात्याचीच माणसं राहतील. एका आजीकडे तिचे दोन नातू राहत होते, पण वेगवेगळ्या मुलांचे, एकमेकांचे चुलतभाऊ. त्यातल्या एकाची आई वारलेली. नियमभंग म्हणून आजीला पाच दिवसांची कैद आणि पंचवीस डॉलर दंड! सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम उडवला. फरक एवढाच की तिथे आजीच्या समोर सरकार होतं. ट्रॉक्सेलमध्ये आजीच्या समोर आई होती. सरकारविरुद्ध आजीला न्याय देणं सोपं असतं.

वॉशिंग्टन राज्याला पुढे नवा कायदा करायला २०१८ साल उजाडलं. आता तिथे नात्यातल्या माणसाला अर्ज करता येतो, पण मुलाशी आधीपासून खरोखर घट्ट संबंध होता आणि तो तुटला तर मुलाला इजा होईल, हे आधी दाखवावं लागतं.

इंग्लंडने तर मधलीच वाट धरली. १९७८ साली तिथे काही प्रकरणांत आजी-आजोबांना थेट अर्ज करता येऊ लागला, १९८९ च्या बालक कायद्याने ते बदलून आधी न्यायालयाची परवानगी काढा, मग अर्ज करा, असं केलं. २०११ च्या आढावा समितीनेही ती पायरी राहू द्या म्हटलं. म्हणजे पायरीच्या आधी पायरी.

ज्यांची नातवंडं परदेशात आहेत (या ब्लॉगचे अर्धे वाचक!) त्यांच्यासाठी एक टीप. मूल जिथे राहतं तिथलं न्यायालय आणि तिथला कायदा, असाच साधारण नियम आहे. न्यू जर्सीतल्या नातीसाठी ठाण्यात अर्ज करून फारसं काही होत नाही. २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे बल्गेरियातल्या एका आजीचं प्रकरण होतं, नातू ग्रीसमध्ये बापाकडे. न्यायालयाने म्हटलं, भेटीच्या हक्कात आजी-आजोबाही येतात. म्हणूनच त्याला मुलाच्या राहत्या देशाच्या न्यायालयाचाच नियम लागू होतो. आजी जिंकली की हरली, तुम्हीच ठरवा.

आता आमच्या घराचं. आई-बाबांना विचारूनच लिहिते आहे. माझ्या भावाचा घटस्फोट झाला, त्याला आता चार वर्षं होतील. भाची आईकडे, दुसऱ्या गावात. भावाला महिन्यातून दोन शनिवार मिळाले होते आणि त्या शनिवारी तो तिला आई-बाबांकडे आणायचा. अगदी ट्रॉक्सेलांच्या मुलासारखं. मग तो नोकरीसाठी परदेशी गेला. त्याचे शनिवार फोनच्या पडद्यावर गेले आणि आई-बाबांचे गेलेच. हुकमाच्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं. असण्याचं कारणही नव्हतं, ते खटल्यात पक्षकार नव्हते.

बाबा म्हणतात, अर्ज करू. आमच्या वकिलांचंही तेच म्हणणं. अशा अर्जांवर आपल्या न्यायालयांनी भेटी दिलेल्या आहेत, आजी-आजोबांचा हक्क म्हणून नव्हे तर मुलाचं हित म्हणून. १९५६ च्या कायद्याचं तेरावं कलम तेवढंच म्हणतं, की अज्ञान मुलाचं कल्याण सर्वांत वर. आई म्हणते, नको. तिचा मुद्दा वेगळा आहे. गेल्या दिवाळीत तिने फराळाचा डबा कुरियरने पाठवला होता. महिनाभर काही कळलं नाही. डबा परत आला तो संक्रांतीला, आणि रिकामा नव्हता. आत तिळाच्या वड्या होत्या. रिकामा डबा परत करायचा नाही ही रीत वहिनीने (मी तिला अजून वहिनीच म्हणते) पाळली होती. आईचं म्हणणं, जिच्याकडून भरलेला डबा येतो तिला समन्स पाठवायचं नसतं. बाबांचं म्हणणं, वड्यांनी नात दिसत नाही. दोघांचंही मला पटतं, त्यामुळे जेवताना मी गप्प बसते.

बाबांच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. भारताच्या विधी आयोगाचा २०१५ च्या मे महिन्यातला २५७ वा अहवाल, न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा (आपले सोलापूरचे) अध्यक्ष असतानाचा. घटस्फोटानंतर मुलांचा ताबा कसा ठरवावा याची मार्गदर्शक तत्त्वं त्यात आहेत, आणि त्यांत आजी-आजोबांबरोबरच्या वेळाचा वेगळा मुद्दा आहे. शिफारशींचा कायदा मात्र झालेला नाही. दुसरी गोष्ट २०२२ ची. कोविडमध्ये अहमदाबादच्या एका पाच वर्षांच्या मुलाचे आईवडील महिन्याभराच्या अंतराने गेले. आजोबा-आजी, म्हणजे बापाचे आईवडील, म्हणत होते आमच्याकडे द्या. मावशी म्हणत होती माझ्याकडे. उच्च न्यायालयाने मावशीकडे दिलं, कारण ती वयाने तरुण, सरकारी नोकरीत. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवून आजी-आजोबांकडे दिलं. नुसतं वय आणि पगार बघून ताबा ठरत नाही, हे त्यातलं मला पूर्ण पटलं.

पण त्याच निकालात असंही आहे की आपल्या समाजात बापाकडचे आजी-आजोबाच नातवाला अधिक चांगलं सांभाळतील. इथे मात्र मला १८५६ च्या त्या तिसऱ्या कलमाचा वास आला. बापाकडचेच का? आपली म्हण तर 'माय मरो पण मावशी उरो' अशी आहे. ज्या समाजाने ही म्हण केली त्या समाजाला मावशी ठाऊक नव्हती असं म्हणता येईल का? आम्हीही बापाकडचेच आजी-आजोबा, बापाकडचीच आत्या. म्हणजे हे वाक्य आमच्या फायद्याचं. तरीही ते आमच्या अर्जात वापरू नये, असं मी बाबांना सांगितलं आहे.

अर्ज अजून मसुद्यातच आहे. वहिनी हा ब्लॉग वाचते हे मला माहीत आहे, त्यामुळे तिलाही हे इथेच कळतंय, आणि तसंच कळावं अशी माझी इच्छा होती. गेल्या आठवड्यात वकिलांनी पाठवलेला कागद बाबांनी मला वाचायला दिला. पहिल्याच परिच्छेदात होतं, अर्जदारांचा आपल्या नातीला भेटण्याचा हक्क. मी पेन्सिलीने तेवढं खोडलं आणि वर लिहिलं, नातीचा आपल्या आजी-आजोबांना भेटण्याचा. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, मग हिला विचारायला नको का आधी?

कसं विचारायचं, ते अजून ठरलेलं नाही.